दोन केबिनांच्या सांध्यातून गळणारं पाणी: माझा अनुभव

चाकणजवळच्या साइटवर २० बाय १० फुटांच्या दोन पोर्टा केबिन (उचलून नेता येणाऱ्या तयार लोखंडी खोल्या) लांब बाजूने जोडून आम्ही ऑफिस केलं. पहिल्याच पावसात सांध्यातून धार लागली, तीही नेमकी प्रिंटरवर. सिलिकॉन भरलं, आठ दिवसांत सुटलं. पुन्हा भरलं, पुन्हा तेच.

शेवटी मिस्त्री म्हणाले, "साहेब, वर काय भरत बसलाय, खाली बघा की." लेव्हलची पाण्याची नळी लावली तर बाहेरचा एक कोपरा १४ मिलिमीटर खाली. केबिनखालचा, भरावावर ठेवलेला ब्लॉक खचला होता आणि सांधा वरच्या अंगाला फाकला होता. जोडतानाच बोल्टची वरची भोकं जुळत नव्हती. मी ती कटरने मोठी करून बोल्ट कोंबले होते. तिथेच थांबायला हवं होतं.

बोल्ट ढिले केले, कोपरा जॅकवर घेतला, भुसभुशीत माती काढून खाली काँक्रीट ओतलं. ते घट्ट झाल्यावर ब्लॉक बसवून लोखंडी पॅकिंग प्लेटा सरकवल्या. भोकं आपोआप समोरासमोर आली. दोन्ही चौकटींमध्ये ईपीडीएम (ऊन-पावसात टिकणाऱ्या) रबराची पट्टी घातली आणि बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून आवळले.

छताच्या सांध्यावर ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), वर पत्र्याची टोपी. टोपीला स्क्रू एकाच बाजूने, म्हणजे दुसरी बाजू सरकायला मोकळी. दोन्ही केबिनांची रुंदी मिळून सहा मीटर लोखंड. तापमानात ३० अंशांचा फरक पडला की ते साधारण २ मिलिमीटर हलतं. सिलिकॉन तग धरणार कसं?

जाता जाता, अडकणारं दारही सरळ झालं. त्याला मी उगाच रंधा मारला होता.