मोठी लेन्स घेण्याआधी: भीमगडच्या रानासाठी, धुपदाळच्या पाण्यासाठी

दुकानात जायच्या आधी घरी कॉम्प्युटर उघडून बसा. वर्ष-दोन वर्षांत काढलेले पक्ष्या-प्राण्यांचे पन्नास फोटो निवडा, निम्मे चांगले, निम्मे फसलेले. प्रत्येकाची फोकल लेंग्थ (लेन्सची लांबी म्हणजे पल्ला, मिमीत), शटर स्पीड (सेकंदाचा कितवा भाग शटर उघडं होतं) आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वहीत उतरवून काढा. तासाभराचं काम आहे, पण लाख-दोन लाख घालायच्या आधी ते झालंच पाहिजे. मी ते केलं तेव्हा फसलेल्या फोटोंसमोर शटरचे तेच आकडे पुन्हा पुन्हा आले: १/१६०, १/२००, १/१६०. खानापूरकडच्या हेम्माडग्याचा शेकरू, जांबोटीच्या अलीकडचा नवरंग, कणकुंबीजवळचा राखी धनेश. सगळे फ्रेममध्ये पुरेसे मोठे आले होते आणि सगळे हललेले होते. तोवर माझी खात्री होती की लेन्सची लांबी कमी पडतेय. कमी पडत होता तो उजेड, म्हणून शटर मंद.

वहीच्या पुढच्या पानावर लिहा, तुम्ही वर्षातून कुठं किती वेळा जाता. कारण उजेडाच्या हिशेबानं आपला बेळगाव जिल्हा एक नाही. पश्चिमेला खानापूर तालुका, तिथं २०११ मध्ये जाहीर झालेलं भीमगड अभयारण्य, सुमारे १९० चौरस किलोमीटर. देगावजवळ उगम पावणारी म्हादई इथलीच. या रानात झाडांचं छत इतकं दाट की सकाळी सव्वासातला हेम्माडग्याच्या रस्त्याकडेला एफ/६.३ वर (एफचा आकडा म्हणजे लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितका उजेड जास्त) १/२०० मिळवायला मला आयएसओ ६४०० वर जावं लागलं. पूर्वेला गोकाक तालुक्यात धुपदाळचा बंधारा आणि घटप्रभा पक्षी अभयारण्य, तिकडं हिडकलचा जलाशय. उघडं आभाळ, थंडीत उतरणारे करकोचे, उजेड हवा तेवढा; पण पक्षी दीडशे मीटरवर. एकच लेन्स दोन्हीकडं सारखी चालत नाही. तुमचे दहातले सात दिवस कुठं जातात ते आधी ठरवा आणि तिकडची लेन्स घ्या. उरलेल्या तीन दिवसांसाठी पैसे घालू नका.

आता अंतराचा हिशेब कागदावर करून बघा, तो सोपा आहे. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिमी रुंद. त्याला फोकल लेंग्थनं भागा आणि अंतरानं गुणा, म्हणजे फ्रेममध्ये किती रुंदी मावते ते मिळतं. ३० मीटरवर ६०० मिमीला १.८ मीटर. दांडेली-गणेशगुडीकडचा मलबारी कवड्या धनेश चोचीपासून शेपटीपर्यंत पाऊण मीटरच्या पुढंमागं असतो, म्हणजे तो जवळजवळ अर्धी फ्रेम भरतो. झकास. तोच हिशेब धुपदाळच्या करकोच्यासाठी करा: १५० मीटरवर फ्रेम ९ मीटरची आणि पक्षी जेमतेम मीटरभर उंच. तिथं ६०० घेतली तरी एकट्या पक्ष्याचा जवळचा फोटो होत नाही, थव्याचा होतो, आणि थव्याचाच चांगला होतो. ८०० घेतली तरी फ्रेम पावणेसात मीटरचीच राहते. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये दहा वाजून गेले की पाण्यावरची हवा थरथरायला लागते. त्या हवेतून कितीही महागडी लेन्स रोखा, पिसं मेणासारखी वितळलेली दिसतात. तिथं अंतर कमी करणं किंवा सूर्य वर यायच्या आत पोचणं, एवढंच हातात असतं.

कॅमेरा क्रॉप, म्हणजे त्याहून लहान सेन्सरचा असेल तर वरच्या हिशेबात ३६ च्या जागी साधारण २३.५ धरा, कॅननचा असेल तर २२. मग ४०० मिमीची लेन्स ३० मीटरवर जवळजवळ तेवढीच रुंदी दाखवते, जेवढी फुल फ्रेमवर ६०० दाखवते. आपल्यातल्या निम्म्या जणांकडं क्रॉप बॉडीच (लेन्सशिवायचा कॅमेरा) आहे आणि तरी सगळे सहाशेच्या मागं लागलेत. त्यांनी १००-४०० मिमीच्या झूम लेन्सचा विचार मनापासून करावा. वजन अर्ध्या-पाऊण किलोनं उतरतं आणि एक फायदा असा मिळतो, जो आपल्या घाटात मोलाचा आहे: जवळचा फोकस. कॅननची जुनी ईएफ १००-४०० दुसरी आवृत्ती एक मीटरच्या आत फोकस करते. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी २.८ मीटर मागते, टॅमरॉनची १५०-६०० जी२ आणि निकॉनची २००-५०० या दोघी २.२ मीटर. चोर्ल्याच्या पावसात हाताच्या अंतरावर मलबारी चापडा वेटोळं घालून बसलेला असतो, तेव्हा हा फरक कळतो.

आकड्यांतला सगळ्यात कमी बघितला जाणारा आकडा म्हणजे एफच्या पुढचा. ६०० भागिले ६.३ करा, ९५ येतात. या वर्गातल्या बऱ्याच लेन्सचा फिल्टर ९५ मिमीचा असतो, त्याचं कारण हेच: तेवढी काच पुढं असल्याशिवाय तेवढा उजेड आत येत नाही. कॅननची आरएफ १००-५०० हलकी, कॉलर (स्टँडला जोडायचं कडं) सोडून १३६५ ग्रॅम, फिल्टर ७७ चा. कारण ५०० ला ती एफ/७.१ आहे. ६.३ आणि ७.१ मध्ये एक तृतीयांश स्टॉपचा फरक (एक स्टॉप गेला म्हणजे उजेड निम्मा), तो खपून जातो. पण आरएफ २००-८०० ही ८०० ला एफ/९ होते, म्हणजे पूर्ण एक स्टॉप गेला. धुपदाळला काही बिघडत नाही. हेम्माडग्याला मात्र आयएसओ ६४०० चा १२,८०० होतो. उलट निकॉनची २०१५ ची २००-५०० शेवटपर्यंत एफ/५.६ राहते. जुन्या डीएसएलआरपैकी (आत आरसा असलेले कॅमेरे) बऱ्याच बॉडींचा ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंतच खात्रीचा असतो, म्हणून खानापूरच्या रानात फिरणाऱ्या आणि निकॉनची जुनी बॉडी असलेल्या माणसाला मी अजून तीच सांगतो. एफटीझेड अ‍ॅडाप्टर लावून ती नव्या झेड कॅमेऱ्यावरही चालते. टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मधे लावून पल्ला वाढवणारी काच) या यादीत घेऊच नका, १.४ चा लावला की ६.३ चं ९ होतं आणि आपल्याकडं तेवढा उजेड नाही.

मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) घेतला असेल तर लेन्सचं नळकांडं झूम करताना बाहेर येतं की नाही हे विचारा. सोनीची २००-६०० आणि निकॉनची झेड १८०-६०० आतल्या आत झूम होतात. सिग्मा, टॅमरॉन, कॅननच्या या वर्गातल्या लेन्स लांब होतात. लांब होणारी लेन्स पिशवीत छान मावते, पण प्रत्येक झूमला बाहेरची हवा आत ओढते, आणि जुलैतली कणकुंबीची हवा म्हणजे अर्धं पाणीच. आमगावचा पाऊस ज्यानं अंगावर घेतलाय त्याला यापेक्षा जास्त सांगायला नको. सोनीवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा, त्यांच्या बॉडीवर दुसऱ्या कंपनीची लेन्स सेकंदाला जास्तीत जास्त १५ फ्रेम देते. माझ्या मते तेवढ्या पुष्कळ झाल्या.

वजन वाचून कळत नाही, उचलून कळतं. दोन लिटरची पाण्याची बाटली भरून डोळ्यासमोर एक मिनिट धरून बघा. सिग्मा कंटेम्पररी १.९ किलो, टॅमरॉन जी२ दोन किलो, निकॉन २००-५०० कॉलरसकट २.३ किलो, सिग्माची डीएसएलआरसाठीची स्पोर्ट २.८ च्या वर. वर बॉडीचं वजन वेगळं. धनेश ढोलीशी येतो आणि वीस मिनिटांनी परत येतो. मधल्या वेळात हात खाली गेलेला असला तर तो क्षण गेला. आमच्याबरोबर येणारे रानातले जाणते मामा प्रत्येक वेळी हळूच म्हणतात, "जरा दम धरा की ओ, येतंय ते." दम धरायला खांदा साथ देणारी लेन्स पाहिजे.

दुकानात जाताना आपली बॉडी, भरलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड घेऊन जा. काउंटरवरचा डेमो बघून समाधान मानू नका, दारात या. समोरच्या दुकानाची पाटी धरा. बेळगावात कन्नड पाट्यांचा इथं फार उपयोग होतो, त्या गोल अक्षरांची बारीक वळणं फोकस जरा चुकला तरी लगेच भरून येतात. लेन्स शेवटच्या टोकाला न्या, छिद्र पूर्ण उघडं, शटर १/१००० च्या वर. दहा फोटो काढा, आणि प्रत्येक फोटोआधी फोकस पायाजवळच्या पायरीवर नेऊन परत पाटीवर आणा. दहातले नऊ धारदार हवेत. मग एका सपाट भिंतीचा फोटो सरळ समोरून काढा आणि डावी-उजवी बाजू मोठी करून बघा. एक बाजू स्वच्छ आणि दुसरी मऊ असली तर आतली काच सरकलेली आहे. तो नग परत करा, दुसरा मागा. संकोच करू नका. स्टॅबिलायझर चालू करून बटण अर्धं दाबा, चित्र थिजल्यासारखं स्थिर झालं पाहिजे. त्यानं तुमचा हात स्थिर होतो, शेकरू नाही, हे कायम ध्यानात असू द्या. शेवटी लेन्स खाली तोंड करून लटकवा आणि चार पावलं चाला. नळकांडं आपोआप घसरत असेल तर लॉक आहे का बघा. लेन्सच्या पायाला आर्का खाच (स्टँडवर सरकवून बसवायची) नसेल तर प्लेटचा खर्च धरा. जीएसटीचं पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी, या दोन्हीशिवाय पैसे देऊ नका.

जुनी घेणार असाल तर आणखी एक गोष्ट: अंधार. मी माझी पहिली मोठी लेन्स दुसऱ्या शहरात एका दुकानातून घेतली, झगझगीत दिव्यांखाली. काच आरशासारखी दिसत होती. ऑगस्टमध्ये घरी वीज गेली होती, मोबाईलचा टॉर्च सहज मागच्या बाजूनं आत मारला, तर आतल्या एका काचेच्या कडेला पांढरे बारीक तंतू, भिजवलेल्या मटकीला मोड येतात तसे, कडेकडून मध्याकडं निघालेले. बुरशी. दुकानदारानं हात वर केले, आणि साफ करून घेतल्यावरही काचेच्या लेपावर तिची खूण राहिली. म्हणून जुनी लेन्स अंधाऱ्या खोलीत, छिद्र पूर्ण उघडून, पुढून आणि मागून टॉर्च मारून तिरक्या नजरेनं बघा. धुळीचे चार कण चालतात. तंतू दिसला तर किंमत विचारायचीही गरज नाही.

सगळे पैसे लेन्सवर संपवू नका, दहा टक्के बाजूला ठेवा. त्यातली पहिली खरेदी कोरडं कपाट किंवा निदान घट्ट झाकणाचा मोठा डबा. आत छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेल. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. दाणे रंग बदलले की गरम करून पुन्हा वापरता येतात, पण त्यासाठी कढई वेगळी ठेवा, कारण निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं आणि ते स्वयंपाकाच्या भांड्याला लागता कामा नये. लेन्सबरोबर मिळालेलं मऊ पाकीट पावसाळ्यात वापरू नका, ते ओल धरून बसतं. मोनोपॉड (एकपायी स्टँड) चालताना कामाला येतो. गाडीतून, म्हणजे दांडेलीकडं काली व्याघ्र प्रकल्पात जीपमधून, बीनबॅगसारखं काही नाही. जुन्या जीन्सच्या पायाची शिवून घ्या, रिकामी न्या आणि तिथं पोचल्यावर दोन किलो ज्वारी भरा. येताना ज्वारी घरी येते.

परवानगीचं आधी बघून ठेवा. अभयारण्यात शिरायला आणि फोटो काढायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं परवानगी लागते, गाव आपलं असलं आणि वनरक्षक ओळखीचा असला तरी. आणि घरट्याचा हिशेब लेन्स निवडतानाच मनात ठेवा. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, तिचं आणि पिल्लांचं पोट नराच्या फेऱ्यांवर असतं. आपण फार जवळ गेलो तर नर लांबच्या फांदीवर बसून राहतो, आत वाट बघणारी उपाशी. लांब लेन्सचा खरा उपयोग मला इथं वाटतो: ३० मीटर मागं राहायची सोय.

निघायच्या आदल्या रात्री लेन्सवरची बटणं हातानं चाचपून बघा. फोकस लिमिटर लांबच्या खुणेवर ठेवा, रस्त्याकडेच्या पानांवर फोकस अडकत नाही. स्टॅबिलायझर साध्या मोडवर. उडणाऱ्या पक्ष्यामागं कॅमेरा फिरवणार असाल तेव्हाच दुसऱ्या. हूड (काचेपुढची नळीसारखी कड) सरळ लावा, पावसाचा पहिला थेंब तोच अडवतो. प्लास्टिकचं कव्हर आणि सुती पंचा वरच्या खिशात. आणि गाडीत एसी लावून जाणार असाल तर हेम्माडग्याला उतरल्याबरोबर पिशवीची चेन उघडू नका. गार काचेवर दमट हवा लागली की लेन्स बाहेरून धुरकट होते, कधी आतूनही. अर्धा तास पिशवी बंदच ठेवा, तेवढ्यात चहा होतो.