मरळीसाठी रॉड, रील आणि ल्युअर: खरेदी उलट्या क्रमाने करा

ऑनलाइन दिसणारे बहुतेक ल्युअर, म्हणजे गळ लावलेली कृत्रिम आमिषं, अमेरिकेतल्या बास माशासाठी बनवलेले असतात. नाशिकच्या धरणांत बास नाही. तरीही ते ल्युअर इथे चालतात, कारण आपली मरळही पाणवेलीच्या किंवा बुडालेल्या बाभळीच्या आडोशाला दबा धरून बसते आणि डोक्यावरून सरकणाऱ्या बेडकावर झडप घालते. फरक आहे तो तोंडात. मरळीचा जबडा टणक आणि दात धारदार असतात. गळ लागला की ती मोकळ्या पाण्याकडे न पळता थेट झाडोऱ्यात घुसते. म्हणून बासचा सेट जसाच्या तसा उचलला तर गळ रुतत नाही, किंवा रुतला तरी मासा वेलीत अडकून बसतो.

दुकानात गेल्यावर हात आधी रीलकडे जातो. चकाकते, फिरवून बघता येते, डब्यावर बेअरिंगचा आकडा छापलेला असतो. खरा क्रम याच्या नेमका उलटा आहे. आधी पाणी, मग त्या पाण्यात चालणारा ल्युअर, मग तो ओढणारी लाइन, मग तेवढं वजन फेकणारा रॉड आणि सगळ्यात शेवटी रील.

पाणी कोणतं?

नाशिकभोवती ढोबळमानाने दोन प्रकारचं पाणी आहे. गंगापूर, काश्यपी, दारणा, मुकणे या धरणांचे काठ बऱ्याच ठिकाणी उघडे असतात. पाणी उतरत गेलं की काळ्या बसाल्टचे कंगोरे, जुने बांध आणि बाभळीची खोडं वर येतात. सायखेडा-चांदोरी पट्ट्यातल्या गोदावरीत मात्र पाणवेली दाटतात आणि उघडं पाणी शोधावं लागतं. पहिल्या जागी लाइनचा शत्रू दगड, दुसऱ्या जागी वेल. एकाच सेटवर दोन्हीकडे उत्तम काम होईल ही अपेक्षा सोडा. ज्या पाण्यावर जास्त जाणार, त्यासाठी सेट घ्या.

नांदूर मधमेश्वरचं पाणी बघून कितीही हात शिवशिवले तरी ते अभयारण्य आहे, पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही आहे. तिथे गळ नको. धरणांतल्या मासेमारीचे हक्क साधारणपणे मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, म्हणून आधी त्या संस्थेला विचारा. धरणाची भिंत, दरवाजे आणि त्यांच्या खालचं पात्र टाळा. पावसाळ्यात विसर्ग वाढला की पात्रातल्या खडकावरून परतायला वेळ मिळत नाही.

ल्युअर

दाट वेल असेल तर पोकळ रबरी बेडूक, म्हणजे फ्रॉग, हाच पहिला ल्युअर. शरीर ५ ते ६ सेंटिमीटर, वजन १० ते १५ ग्रॅम. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे वेलीवरून सरकताना अडकत नाहीत. माशाने चावा घेतला की शरीर दबतं आणि टोकं बाहेर येतात. दुकानातच अंगठा आणि तर्जनीने दाबून बघा. हलक्या दाबाने दोन्ही टोकं उघडी पडली पाहिजेत. रबर जाड असेल तर ती पडत नाहीत, आणि मरळ तोंडात धरूनही बेडूक तसाच सोडून देते. स्वस्त बेडकांचा मुख्य दोष हाच. दुसरा दोष गळाची तार. ती बोटांनी वाकत असेल तर ठेवून द्या.

घरी आणल्यावर दोन दुरुस्त्या करा. बेडकाच्या मागच्या झिरमिळ्या लांब असतील तर तिसरा भाग कापा, नाहीतर मरळ नुसते पाय धरून ओढते. दोन्ही बाजूंच्या झिरमिळ्या सारख्या कापल्या तर बेडूक सरळ येतो, एक बाजू थोडी आखूड ठेवली तर डावी-उजवीकडे डोलत येतो. मग गळाची टोकं पक्कडीने अगदी किंचित, एखादा मिलिमीटर, बाहेर वळवा. जास्त वळवली तर प्रत्येक पान गोळा होऊन येईल. बेडकात पाणी शिरतंच. दर काही फेकींनी पिळून काढा, नाहीतर तो मागून बुडतो आणि दबायलाही अवघड जातो.

रंगावर फार डोकं खपवू नका. वेलीखालून माशाला दिसतं ते पोट आणि सावली. पहाटे, संध्याकाळी आणि गढूळ पाण्यात काळा. लख्ख उन्हात, निवळ पाण्यात पांढरं किंवा फिकट पोट. पाठीवरची नक्षी गिऱ्हाइकासाठी असते.

उघड्या काठाला मऊ प्लास्टिकचा मासा सगळ्यात कामाचा. ३ ते ४ इंच लांब, शेपटी वल्ह्यासारखी चपटी, आणि रुंद पोटाचा ३/० किंवा ४/० ऑफसेट गळ. गळाचं टोक नाकातून साधारण ५ मिलिमीटर आत घालून खाली काढा, गळ फिरवून डोळा नाकात बसवा, मग टोक पोटातून पाठीवर आणून पाठीच्या कातडीत जेमतेम लपवा. मासा गळावर सरळ बसला पाहिजे. जरा जरी आखडला तर पाण्यात गरगर फिरतो आणि लाइनला पीळ बसतो. खोल जायचं असेल तर गळाच्या मधल्या भागावर ३ ते ५ ग्रॅम शिसं असलेला गळ घ्या.

पाणी ढवळलेलं असेल, जुलै-ऑगस्टमध्ये ते असतंच, तेव्हा १० ते १४ ग्रॅमचा स्पिनरबेट घ्या. त्याच्या फिरत्या पात्याचा कंप माशाला ल्युअर दिसण्याआधीच जाणवतो, आणि वाकड्या तारेमुळे तो काटक्यांतून बराच सुखरूप येतो. तीनतोंडी गळांचे क्रँकबेट आणि मिनो हे कडक ल्युअर दुकानात सर्वांत देखणे दिसतात. बुडालेल्या बाभळींत ते पहिल्याच फेकीला जातात. सुरुवातीला नकोतच.

एवढ्यावर भागतं: दोन बेडूक, मऊ माशांची दोन पाकिटं, ऑफसेट गळांचं एक पाकीट, एक स्पिनरबेट. फक्त चिलापी (तिलापिया) धरायची असेल तर हा सगळाच सेट जड होईल. तिला ३ ते ५ ग्रॅमचा छोटा स्पिनर आणि हलका रॉड पुरतो.

लाइन

तंगूस, म्हणजे साधी नायलॉनची लाइन, स्वस्त आहे आणि तळातल्या आमिषाच्या गळाला उत्तम आहे, पण ती ताणते. २५ मीटरवर बेडकाला चावा आला आणि तुम्ही रॉड उचलला, तर निम्मा झटका तंगूस ताणण्यातच जातो आणि टणक जबड्यात गळ रुतत नाही. म्हणून वेलीत ब्रेड, म्हणजे धाग्यांची विणलेली लाइन, लागते. ती जवळजवळ ताणत नाही आणि पाणवेलीचे देठ कापत येते. वेलीसाठी ४० ते ५० पौंडांचा ताण पेलणारी, उघड्या पाण्यासाठी २० ते ३० पौंडांची. फार बारीक ब्रेड फेकीला छान असते, पण माशाचा जोर आल्यावर तीच स्पूलवरच्या, म्हणजे रीलच्या चकरीवरच्या, वेटोळ्यांत रुतते आणि पुढची फेक मध्येच अडकून ल्युअर तुटून उडतो.

ब्रेडची कमजोरी म्हणजे दगड. बसाल्टच्या कंगोऱ्यावर ताणलेली ब्रेड घासली की क्षणात जाते. धरणाच्या उघड्या काठाला ब्रेडपुढे ३० ते ४० पौंडांच्या फ्लुरोकार्बनचा किंवा जाड तंगुसाचा ६० ते ८० सेंटिमीटरचा तुकडा, म्हणजे लीडर, जोडा. दातांपासूनही तो वाचवतो. गाठ एफजी येत असेल तर उत्तम, कारण ती बारीक असते आणि रॉडच्या कड्यांतून अडकत नाही. येत नसेल तर दुहेरी युनी गाठ मारा आणि लीडर एवढाच ठेवा की फेकताना गाठ टोकाच्या कडीबाहेर राहील. दाट वेलीत बेडूक मात्र थेट ब्रेडला, पालोमर गाठीने. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, विशेषतः तंगूस आणि फ्लुरोकार्बनची. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तिथेच कमजोर होते.

रॉड

रॉडच्या मुठीच्या वर दोन आकडे लिहिलेले असतात: ल्युअरचं वजन आणि लाइनची ताकद. खरेदी यावर करा. वरच्या ल्युअरांसाठी १० ते ३० ग्रॅम लिहिलेला, ६ फूट ६ इंच ते ७ फुटांचा, मीडियम हेवी ताकदीचा, फास्ट अ‍ॅक्शनचा रॉड बसतो. फास्ट म्हणजे वरचाच भाग वाकतो, खालचा ताठ राहतो आणि माशाला वेलीतून वर काढायला कणा मिळतो. ५ ते १५ ग्रॅमच्या रॉडवर १५ ग्रॅमचा बेडूक फेकता येईल, पण मरळीचं डोकं वेलीबाहेर काढता येणार नाही. उलट, फार जड रॉड हलक्या ल्युअरने वाकतच नाही, म्हणून फेक दहा-पंधरा मीटरवर पडते. बाइकवरून जाणार असाल तर दोन तुकड्यांचा घ्या. पाच-सहा तुकड्यांचे दुर्बिणीसारखे मिटणारे रॉड या कामाला टिकत नाहीत.

दुकानात तीन गोष्टी तपासा. कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवा; तंतू अडकला तर तिथे चीर आहे आणि ती ब्रेड कातरेल. तुकडे जोडून मुठीकडून नेम धरल्यासारखं बघा, कड्या एका रेषेत हव्यात. जोड घट्ट बसल्यावरही दोन भागांमध्ये थोडी फट उरणं बऱ्याच रॉडमध्ये ठीक असतं, पण डुगडुग नको.

कार्बनचा रॉड हलका असतो आणि चावा हाताला नीट पोहोचवतो. तो वीजही वाहून नेतो. नदीकाठी शेतीपंपांच्या तारा खाली लोंबलेल्या असतात. फेकण्याआधी वर बघा, आणि आकाशात गडगडायला लागलं की रॉड खाली ठेवून काठ सोडा.

रील

नव्याने सुरुवात करणाऱ्याने स्पिनिंग रीलच घ्यावं, ३००० किंवा ४००० आकाराचं. बेटकास्टर वेलीत जास्त ताकदवान असतं हे खरं, पण त्यात स्पूल स्वतः फिरतं. ल्युअर हवेत मंदावला आणि स्पूल तसंच फिरत राहिलं की लाइनचं घरटं होतं. अंगठ्याचा सराव लागतो. घेतलंच तर ल्युअर टोकाला लटकवा, बटण दाबा आणि बाजूचा नॉब असा आवळा की ल्युअर सावकाश खाली येईल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. ब्रेक सुरुवातीला जास्तीत जास्त ठेवून हळूहळू कमी करत जा.

गिअरचा आकडा, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात लाइन गुंडाळणारा भाग किती फेरे घेतो तो, एकटा फसवतो. हँडलच्या एका फेऱ्यात किती लाइन येते ते महत्त्वाचं, आणि ते स्पूलच्या व्यासावरही ठरतं. भरलेल्या स्पूलचा व्यास ४५ मिलिमीटर आणि गिअर ६.२:१ असेल तर एका फेऱ्यात सुमारे ८८ सेंटिमीटर लाइन येते, ५.२:१ ला सुमारे ७३. बेडकासाठी वेगवान बरं, कारण चाव्यानंतर ढील लगेच गोळा करावी लागते. स्पिनरबेटला मंद गिअरही चालतो.

बेअरिंगच्या आकड्यापेक्षा हे बघा: हँडल हळू फिरवताना कुठे अडखळतं का, उलट दिशेला किती खेळ आहे, बेल (लाइन स्पूलवर वळवणारी तारेची कमान) टचकन बंद होते का, आणि लाइन जिथून वळते तो रोलर खरोखर फिरतो का. रोलर अडकलेला असेल तर ब्रेड त्यावर खाच पाडते आणि पुढे तीच खाच लाइन खाते.

लाइन भरताना ब्रेड थेट गुळगुळीत स्पूलवर बांधू नका. ती सबंध घसरते आणि वाटतं की ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की लाइन सोडणारा ब्रेक, बिघडला. आधी तंगुसाचे दहा-पंधरा वेढे, त्यावर ब्रेड, तीही ओल्या फडक्यात धरून ताणाखाली. स्पूलच्या कडेपासून २ मिलिमीटर जागा सोडा. काठोकाठ भरलं तर वेटोळी एकदम सुटून गाठ बसते, कमी भरलं तर फेक तोकडी पडते. फेकीनंतर बेल हँडलने न पाडता हाताने बंद करा आणि लाइनला एक झटका द्या, म्हणजे ढिलं वेटोळं आत जाणार नाही.

ड्रॅग सामान तोलायच्या हुकाच्या काट्याने लावा. रॉड ४५ अंशांवर धरा आणि लाइन काट्याला अडकवून कोणाला तरी ओढायला सांगा. साखळीतली सर्वांत कमजोर कडी, बहुधा ब्रेड किंवा गाठ, जितकं वजन पेलते त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या भागावर स्पूल सुटायला हवं. २० पौंड म्हणजे सुमारे ९ किलो, तर ड्रॅग सव्वादोन ते तीन किलो. दाट वेलीत थोडा जास्त आवळावा लागतो, कारण एकदा मासा घुसला की संपलं. घरी आल्यावर ड्रॅग सैल करा, म्हणजे आतल्या चकत्या दबून राहत नाहीत.

चावा आल्यावर

बेडकावर पाणी उसळलं की लगेच रॉड उचलणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. मरळ पहिल्या झडपेत बऱ्याचदा चुकते. लाइनवर वजन जाणवेपर्यंत एक-दोन सेकंद थांबा, ढील गोळा करा, मग जोरात वर. चुकली तर बेडूक तिथेच ठेवून थोडा थरथरवा, ती पुन्हा येते.

पावसाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर नारिंगी-तांबूस पिल्लांचा गोळा दिसला तर त्याखाली राखण करणारे नर-मादी असतात. त्यांच्यावर फेकू नका. ते उचलले तर सगळी पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात.

मरळ हातात जोरात झटके देते. गळाची आडकी, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा, आधीच पक्कडीने दाबून टाका, लांब चोचीची पक्कड आणि ओठ धरायचा चिमटा सोबत ठेवा, बोट तोंडात नको. परत आल्यावर ल्युअर वाळवून मगच डब्यात, आणि मऊ प्लास्टिकचे मासे त्यांच्या पाकिटातच राहू द्या. कडक ल्युअरांसोबत एकाच कप्प्यात ठेवले तर दोन्ही विरघळून एकमेकांना चिकटतात.