गच्चीतल्या बाकड्याला स्वस्तातलं लाकूड कोणतं घ्यायचं

ऐरोलीच्या घरी गच्चीत बाकडं करायचं ठरवलं आणि स्वस्त मिळतंय म्हणून रबरवुडच्या पट्ट्या आणल्या, दुकानवाला म्हणाला पॉलिश मारा, काय होत नाही. जुलै संपायच्या आत फळीवर काळे डाग, खालून बुरशी, आणि दिवाळीला साफसफाई करताना पाय धरून ओढला तर पायच हातात आला. रबरवुड घरातल्या टेबलाला मस्त आहे हो, पण आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात अजिबात नाही. आंब्याच्या फळ्यांचंही तेच.

म्हणून भाव विचारायच्या आधी एवढंच बघा की वस्तूवर थेट पाऊस पडणार का. वर शेड असलेली बाल्कनी असेल तर पाइनसुद्धा चालतं, नीट रंग ठेवलात तर. उघड्या गच्चीला मात्र माझ्या मते जुना सागवानच. नवीन सागवान परवडत नाही हे मान्य, पण ठाण्यात नौपाड्याकडे जुन्या बिल्डिंगी रीडेव्हलपमेंटला जातायत, त्यांच्या दार-खिडक्यांच्या चौकटी जुनं सामान विकणाऱ्यांकडे येतात आणि नव्यापेक्षा बऱ्याच स्वस्तात पडतात. घेताना चाकूने एका कोपऱ्यावरचा रंग खरवडा, आतून सोनेरी-तपकिरी लाकूड दिसलं आणि नाकाशी धरल्यावर तेलकट, चामड्यासारखा वास आला तर बरं. फिकट पांढरट भाग जास्त असेल तर तो तुकडा सोडा, तो बाहेरचा कच्चा भाग असतो, वाळवी आधी तिथेच लागते. चौकटीचं जमिनीकडचं टोक स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, भुसभुशीत लागलं तर तेवढं कापून बाकीचं घ्या आणि पैसेही तेवढेच कमी करून मागा.

आणि खिळे! माझ्याकडे एका फुटलेल्या स्पीकरचा मॅग्नेट आहे, तो फळीवरून फिरवला की आत तुटून राहिलेला खिळा लगेच कळतो, नाहीतर रंधा मारणारा पात्याचे पैसे तुमच्याकडून घेणार. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, सुकं घासू नका, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा.

बाभूळ मिळाली तर तीही भारी, गावाकडे बैलगाडीच्या चाकांना हीच वापरायचे, पण ओली असेल तर वाळताना तडकते आणि आधी ड्रिलने भोक पाडल्याशिवाय स्क्रू जातच नाही. गाभ्याचाच भाग मागा.

पॅलेटचं, म्हणजे कारखान्यात माल रचायच्या लाकडी चौकटींचं, लाकूड एमआयडीसीत भंगारवाल्यांकडे मिळतं, पण बाजूचा शिक्का वाचा. एचटी म्हणजे तापवून कीड मारलेलं, ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, नको. शिक्काच नाही आणि तेलाचे डाग आहेत तर लांबच राहा. आणि एचटी असलं म्हणून पावसात टिकेल असं नाही, मरते ती आधीची कीड, नवीन लागायची ती लागतेच.

वखारीत भाव घनफुटाने असतो. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिघांचा गुणाकार करून 144 ने भागायचं. म्हणजे 6 फूट लांब, 4 बाय 2 ची पट्टी 0.33 घनफूट झाली. रंधा मारल्यावर जाडी कमी होते, ते धरून थोडं जास्तच घ्या.

स्क्रू स्टेनलेसचे, सागावर साधं लोखंड काळे ओघळ सोडतं. बसायच्या फळ्यांत पाच-सहा मिलीमीटर फट ठेवा, पायांखाली रबरी बुचं, आणि कापलेली टोकं सगळ्यात आधी सील करा कारण पाणी तिथूनच आत शिरतं. अळशीचं तेल मेमध्येच लावून घ्या, जूनात लावलं तर दमटपणामुळे सुकायचं नाव घेत नाही. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात, दोरीवर सुटी पसरून वाळवा आणि मगच फेका.