जेवायला जाताना न्यायचा गुच्छ: पुदिना, सब्जा, गवती चहा आणि हादग्याची फुलं

कुणाकडे जेवायला जाताना कुंडीतल्या सुगंधी पाल्याचा आणि खाण्याजोग्या फुलांचा गुच्छ हाताने बांधून न्यावा. पहिल्या दिवशी तो टेबलावर मिरवतो, दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात कामी येतो. आश्विनाचे दिवस याला फार चांगले. पावसाने पाला तरारलेला असतो, सब्जाला मंजिऱ्या आलेल्या असतात आणि हादगा फुललेला असतो.

एक नियम मात्र अजिबात मोडायचा नाही. फुलवाल्याकडचा गुलाब किंवा दसऱ्याच्या बाजारातला झेंडू यात घालू नका. ती फुलं शोभेसाठी पिकवलेली असतात, त्यांच्यावर कोणती औषधं फवारली हे आपल्याला कळत नाही आणि नुसतं धुऊन भागत नाही. घरच्या किंवा खात्रीच्या बागेतली, नावानिशी ओळखता येतील अशीच फुलं घ्या. कण्हेर, बिट्टी, धोतरा, घाणेरी, सदाफुली ही विषारी. पावसाळ्यात कुंपणावर फुलणारी लाल-पिवळी कळलावी दिसायला देखणी, पण तिचा कंद जीवघेणा. यातलं काही ‘नुसतं शोभेला’ म्हणूनही नको. ज्यांच्या हाती गुच्छ जाईल ते त्यातलं सगळंच खायचं समजणार.

मध्यम गुच्छाला सब्जाच्या 6-7 काड्या, पुदिन्याच्या 8-10, पानओव्याच्या 3-4 फांद्या, गवती चहाची 10-12 पाती, देशी गुलाबाची 4-5 फुलं, फुलावर आलेल्या शेपूच्या दोन-तीन काड्या, हादग्याच्या फुलांचे दोन घोस आणि गोकर्णाचा एक वेल पुरे. तुळशीऐवजी सब्जा मी मुद्दाम सांगते. तुळस संध्याकाळी किंवा द्वादशीला तोडायची नाही, असं पुष्कळ घरांत पाळतात. शिवाय सब्जाच्या जांभळट मंजिऱ्या गुच्छात फार खुलतात.

सकाळी दव सुकल्यावर, ऊन चढायच्या आत कापणी करा. धारदार कात्रीने तिरका छेद द्या आणि काडी निदान दीड वीत ठेवा. खालच्या अर्ध्या भागातली पानं खुडून टाका, कारण पाण्यात बुडालेलं पान कुजतं आणि पाण्याला वास येतो. गुलाबाचे काटेही काढा. मग सगळ्या काड्या दोन तास सावलीत, खोल पाण्यात उभ्या ठेवा. ही पायरी गाळली तर पुदिना वाटेतच माना टाकतो. पाला फ्रिजमध्ये ठेवायचा मोह टाळा, थंडीने सब्जाची पानं काळी पडतात. हादग्याची फुलं मात्र शेवटी आणा आणि ओल्या फडक्यात ठेवा.

आता बांधणी. सब्जाची सर्वांत ताठ काडी डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरा. दुसरी काडी तिच्यावर तिरकी ठेवा, शेंडा डावीकडे, देठ उजवीकडे. तिसरी आणि चौथीही तशीच. तीन-चार काड्या झाल्या की मूठ सैल करून गुच्छ थोडा फिरवा, दर वेळी एकाच दिशेने, आणि पुढच्या काड्या लावा. सगळी खुबी या तिरकेपणात आहे. सगळे देठ एकाच दिशेने कलले की खाली पंख्यासारखे पसरतात, वरची फुलं एकमेकांना दाबत नाहीत आणि गुच्छ टेबलावर आपला आपण उभा राहतो. एखादी काडी उलटी गेली तर ती बाकीच्यांना आडवी येते आणि बांधताना मोडते. तेव्हा ती ओढून काढा आणि पुन्हा लावा.

आधी पाला, मग त्यात गुलाब आणि शेपू. हादगा अगदी शेवटी, कारण त्याची पाकळी बोटाच्या दाबानेही डागाळते. गवती चहाची पाती दुमडून बाहेरून लावा, पण जपून, तिची कड हात कापते. गोकर्णाला ताठ देठ नसतो, म्हणून त्याचा वेल सब्जाच्या काड्यांभोवती सैल फिरवा.

बांधायला तार नको. केळीच्या सोपाची पट्टी भिजवून घ्या, नाहीतर साधा सुती दोरा. अंगठा जिथे आहे तिथेच तीन-चार वेढे घेऊन गाठ मारा. आवळताना देठ चिरडू देऊ नका. मग खालचे देठ एका पातळीत कापा.

सोबत एक चिठ्ठी जोडा. हादगा त्याच दिवशी, मधला कडवट दांडा काढून, बेसनात भजी करायला. पानओव्याचीही भजीच. गवती चहा चहात, पुदिना चटणीत, गुलाबाच्या पाकळ्या खडीसाखरेबरोबर. गोकर्ण गरम पाण्यात घातलं की पाणी निळं होतं आणि लिंबू पिळलं की जांभळं. घरात लहान मुलं असतील तर हे त्यांच्यासमोरच करायला सांगा. पुदिन्याच्या चार काड्या पाण्यातच राहू द्या. आठवड्याभरात त्यांना मुळं फुटतात, मग कुंडीत लावता येतात.