भाडं नंतर विचारा, आधी हायवे विचारा

परभणीहून तपोवन एक्स्प्रेसने मी पहिल्यांदा आले ते २०११ साल. नाशिकरोडला उतरले, पिशव्या सांभाळत बाहेर आले, तर रिक्षावाला म्हणाला, "कुठं, नाशिकला का?" म्हणजे हे नाशिक नाही? नव्हतंच. जुनं नाशिक स्टेशनापासून आठ-नऊ किलोमीटर. रेल्वे गावाला बगल देऊन गेली, म्हणून एके काळी स्टेशन ते गाव अशी ट्राम होती. आता सिटीलिंकच्या बस आहेत, शेअर रिक्षा आहेत. त्या दिवशी हायवेवरच्या द्वारका चौकापर्यंत येईस्तोवर माझं डोकं धुळीने पांढरं झालं होतं. हायवेवर उड्डाणपुलाचं काम चालू होतं.

तेव्हापासून आमच्या भागातल्या कुणाला अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत नोकरी लागली की मला फोन येतो. "ताई, इंदिरानगरला रूम मिळतीय, घेऊ का?" मी भाडं विचारत नाही, डिपॉझिट विचारत नाही. विचारते, कंपनी हायवेच्या अल्याड की पल्याड?

हायवे म्हणजे मुंबई-आग्रा. कागदावर हा तीन नंबरचा राष्ट्रीय महामार्ग होता. २०१० साली देशभरातले नंबर बदलले, पण इथे नवा नंबर कुणाच्या तोंडी बसला नाही. रिक्षावाल्याला नुसतं 'हायवे' म्हटलं तरी कळतं. विल्होळीकडून हा शहरात शिरतो, मग पाथर्डी फाटा, लेखानगर, मुंबई नाका, द्वारका, कन्नमवार पुलावरून गोदावरी, पुढे आडगाव नाका, के. के. वाघ कॉलेज, जत्रा हॉटेल, आडगाव आणि तसाच ओझर-पिंपळगावकडे. गावाला तिरका कापत जातो. मुंबईकडून येताना डाव्या हाताला अंबड, सिडको, गोविंदनगर, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक). उजव्या हाताला पाथर्डी, इंदिरानगर, वडाळा, अशोका मार्ग. एवढं डावं-उजवं पहिल्या आठवड्यात पाठ करा, गल्ल्याबोळ आपोआप कळतील.

रस्ता आजकालचा नाही. पाथर्डी फाट्याच्या अलीकडे उजव्या हाताला त्रिरश्मी डोंगर दिसतो, त्यात पांडवलेणी, चोवीस. सोपाऱ्याच्या बंदरातला माल थळ घाट, म्हणजे आपला कसारा घाट, चढून याच बाजूने पैठणकडे जायचा. नहपान हा इथला जुना क्षत्रप राजा. त्याचा जावई उषवदात, त्याचा शिलालेख तिथे आहे. त्याने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन, शूर्पारक इथे धर्मशाळा बांधल्या आणि कितीतरी नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, असं त्यात कोरलंय. गोवर्धन म्हणजे आपल्या नाशिकजवळचंच. घोटीच्या टोलनाक्यावर रांगेत उभी राहिले की मला हा जावई हमखास आठवतो. पहिला रविवार मोकळा मिळाला की चढून या. पायऱ्या बऱ्याच आहेत, पण वरून अख्खा हायवे, अंबडची शेडं आणि तुमची होणारी वस्ती एका नजरेत दिसते. नकाशापेक्षा ते बरं.

नावांनी गोंधळू नका. मुंबई नाक्यापासून मुंबई पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. आडगाव नाका पंचवटीत, आडगाव पुढे काही किलोमीटरवर. पेठ नाका, दिंडोरी नाका, त्रिंबक नाका, सगळ्यांचं तेच. कधीतरी तिथे गाव संपायचं, आता तिथे सिग्नल आहेत. हॉटेलांची आणि नर्सरीचीही नावं चौकांना पडलीत: जत्रा, मिरची, पपया नर्सरी. 'जुना आग्रा रोड' असा पत्ता आला तर हायवेवर शोधत बसू नका. तो सीबीएस, अशोकस्तंभ, रविवार कारंजा असा गावातून जाऊन होळकर पुलावरून पंचवटीत उतरणारा आधीचा रस्ता. मालवाहतूक गावात मावेना, तेव्हा आताचा रस्ता बाहेरून काढला. मग त्या 'बाहेर'च्याही बाहेर वस्ती गेली, आणि इंदिरानगरचा माणूस रोज हायवे ओलांडून कामाला जायला लागला.

आता पूल. २०१३ साली उड्डाणपूल सुरू झाला, साधारण सहा किलोमीटरचा, के. के. वाघपर्यंत. पुढे जत्रा हॉटेलपर्यंतही झाला. गोंदे ते पिंपळगाव रस्ता सहापदरी करण्याच्या कामातला हा तुकडा. मुंबईहून धुळ्याला जाणारा ट्रकवाला त्याला दुवा देत असेल, कारण त्याला नाशिक लागतच नाही. आपण राहतो पुलाखाली. पूल सुरू झाला त्याच पावसाळ्यात मी मैत्रिणीच्या गाडीतून द्वारकेला निघाले होते. कौतुकाने वर चढलो, गप्पांत रॅम्प चुकला, द्वारका पायाखालून गेली आणि नदीही ओलांडली. के. के. वाघपाशी उतरून परत यायला जो वेळ लागला, तेवढ्यात खालून दोनदा पोचलो असतो. उतरायच्या जागा मोजक्या आहेत, आणि मनात येईल तिथे वळायची सोय वर नाही.

खालची गोष्ट म्हणजे बोगदे. अंडरपासला इथे बोगदाच म्हणतात. इंदिरानगरचा बोगदा, राणेनगरचा बोगदा. आमची पहिली खोली इंदिरानगरला, ऑफिस अंबडला. नकाशावर बोटभर अंतर. सकाळी नऊला तेच अंतर पाऊण तासाचं व्हायचं, कारण दोन्हीकडच्या सर्व्हिस रोडचा ट्रॅफिक आणि आडवा जाणारा ट्रॅफिक त्या एका तोंडाशी येऊन भांडतो. कधी एकेरी वाहतूक, कधी दुहेरी, असे प्रयोग होत आले. मोठा पाऊस झाला की बोगद्यात पाणी, मग लेखानगरला वळसा. दोन वर्षं ते केलं. मालकीणबाई भल्या होत्या, पाण्याचा प्रश्न नव्हता, खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसायचा, तरी मी खोली सोडली आणि सिडकोत आले. इथे घरं लहान, भिंतीला भिंत, शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. पण स्कूटीने दहा मिनिटांत टेबलावर असते. म्हणून सांगते, नवरा अंबडला आणि बायको नाशिकरोडला कामाला असेल, तर हायवे कुणी ओलांडायचा हे घर बघायला निघण्याआधी घरात ठरवून घ्या. खोली बघायला रविवारी दुपारी जाऊ नका, एजंट मुद्दाम तेव्हाच नेतात. सोमवारी सकाळी नऊला जा.

द्वारकेबद्दल थोडक्यात: पुण्याचा रस्ता इथे आग्रा रोडला मिळतो, नाशिकरोडची सगळी रहदारीही इथेच येते. संध्याकाळी सहा ते आठ टाळा. पायी ओलांडत असाल तर शेजारच्या आजीचा हात धरा, तिला सवय असते.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की लोक गोदापात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला ते विचारतात, पुराचं माप तेच. गोदाकाठच्या बुटक्या पुलांवर पाणी आलं की ते बंद, आणि तिथली गर्दी कन्नमवार पुलाकडे वळते. पंचवटीत राहून गावात नोकरी असेल तर त्या दिवशी तासभर आधी निघा, नाहीतर सरळ सुट्टी टाका.

बाहेरगावी जाताना: मुंबईच्या एसटीसाठी मुंबई नाक्याजवळचं महामार्ग बसस्थानक. पैसे वाचवायचे असतील तर शेअर टॅक्सीने कसारा आणि तिथून लोकल. घाटात पावसाळी धुकं असतं, रात्री शक्यतो टाळा. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पुरा झाला, नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर. तो नाशिक शहरात येत नाही. मुंबईला जायचं तर इगतपुरीला चढायचं, पुढे आठेक किलोमीटरचा बोगदा आहे आणि कसारा घाट चुकतो. आपल्याकडे, म्हणजे परभणी-हिंगोली-वाशिमकडे जायचं तर सिन्नरच्या बाजूने गोंद्याला चढायचं. इथे नवखा माणूस हमखास फसतो. गोंदे दोन आहेत. एक मुंबई रोडवर, वाडीवऱ्हेजवळ, कारखान्यांचं. दुसरं सिन्नर तालुक्यात, समृद्धीचं. माझा दीर पहिल्या गोंद्याला जाऊन समृद्धीचा रस्ता विचारत बसला होता. दुचाकी तिथे चालत नाही, हेही त्याला तिथेच कळलं.

सिंहस्थाचं आत्ताच ध्यानात ठेवा. २०१५ साली पर्वणीला गाड्या शहराबाहेरच अडवल्या होत्या आणि मी सिडकोतून चालत गेले होते, येताना चप्पल हातात. पुढचा २०२६-२७ चा. त्या दिवसांत पाहुण्यांना 'या' म्हणाल तर त्यांना हायवेवरून घरापर्यंत कसं आणायचं ते आधी ठरवा. खोली तपोवनाजवळ, म्हणजे साधूंच्या मुक्कामाजवळ, असेल तर पाहुणे न बोलावताही येतील.

फेब्रुवारीत ओझर-पिंपळगावकडे गेलात तर रस्त्याकडेला द्राक्षांच्या पेट्या लागलेल्या असतात. भाव करा, आणि वरच्या थरावर जाऊ नका, खालचा घड काढून बघा. घरी परतताना रिक्षात बसण्याआधी सांगायचं, "दादा, पुलावरून नको, खालून घ्या."