ख्रिस्ती संस्थेच्या कॉलेजात मेजर, मायनर आणि ऑनर्स कसे निवडावे

बारावीचा निकाल लागला की पेडणे, डिचोली, फोंड्याकडच्या मराठी घरांतून म्हापशाचे सेंट झेवियर, पिळारचे फादर आग्नेल, नावेलीचे रोझरी ही ख्रिस्ती संस्थांच्या कॉलेजांची नावे निघू लागतात. चर्चा होते ती कॉलेजच्या नावाची, शिस्तीची आणि बसच्या वेळांची. २०२३-२४ पासून गोवा विद्यापीठाच्या कॉलेजांत पदवीची रचनाच बदलली आहे : मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा दुय्यम विषय आणि ऑनर्स म्हणजे चार वर्षांची पदवी. त्यामुळे आता खरी निवड कॉलेजच्या आत करायची असते, आणि तिचा बराचसा भाग अर्ज भरतानाच ठरतो.

आधी पालकांच्या मनातल्या प्रश्नाचे उत्तर : मुलाला तिथे धर्माचे शिक्षण किंवा प्रार्थना सक्तीची असते का? संविधानाच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. वेळापत्रकात मूल्यशिक्षणाचा तास दिसला तर तो कशाचा आहे, त्याला क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे अभ्यासाचे एकक) आहेत का, हे सरळ विचारावे. विचारण्यात संकोच कसला? कलम ३० खाली चालणाऱ्या अल्पसंख्याक संस्थेत काही जागा त्या अल्पसंख्याक समाजाच्या मुलांसाठी राखीव असू शकतात. म्हणून फक्त एकूण जागा पाहू नका, आपल्या गटाला किती जागा उरतात ते पाहा.

पायरी १ : क्रेडिटचा हिशेब कागदावर मांडा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० क्रेडिट लागतात. एक क्रेडिट म्हणजे व्याख्यानाचे १५ तास. प्रात्यक्षिक किंवा इंटर्नशिप असेल तर ३० तास. १२० ची वाटणी अशी : मेजर ६०, मायनर २४, इतर शाखांतले विषय ९, भाषा ८, कौशल्य ९, मूल्यवर्धित (व्हॅल्यू ॲडेड) अभ्यासक्रम ६ ते ८, इंटर्नशिप २ ते ४.

माहितीपुस्तिकेतला प्रत्येक विषय यातल्या कोणत्या खान्यात बसतो ते लिहून काढा. ‘विशेष अभ्यासक्रम’ म्हणून ठळक छापलेली गोष्ट बऱ्याचदा कौशल्याच्या ९ क्रेडिटमधलीच असते. ती वाईट असते असे नाही, पण तिच्यासाठी मेजर बदलू नये. भाषेच्या खान्यात मराठी आहे का, हेही याच वेळी पाहून घ्या. प्राथमिक शिक्षण मराठीतून झालेल्या मुलांना तिथे चांगली पकड मिळते.

पायरी २ : मायनर निवडताना वेळापत्रक मागा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मायनर म्हणजे आवडीचा एखादा तास नव्हे, ते २४ क्रेडिट आहेत आणि चौथ्या वर्षापर्यंत ते ३२ होतात. अर्थशास्त्र मेजर घेणाऱ्याला संख्याशास्त्र किंवा संगणक मायनर म्हणून फार उपयोगी पडते, पण पहिल्या सत्राचा पाया चुकला तर पुढचे पेपर घेता येत नाहीत. दुसरी अडचण वेळेची. दोन्ही विषय यादीत असतात आणि तास एकाच वेळी लागतात. म्हणून यादीवर समाधान मानू नका, चालू वर्षाचे छापील वेळापत्रक मागून घ्या. मायनरसाठी किमान किती विद्यार्थी लागतात तेही विचारा. संख्या भरली नाही तर तो विषय सुरूच होत नाही, आणि मुलाला उरलेल्या विषयांतून काहीतरी उचलावे लागते. विषय बदलायची मुदत सहसा सत्राच्या सुरुवातीलाच संपते.

डबल मेजर, म्हणजे दोन मुख्य विषय, ऐकायला आकर्षक वाटते. दुसऱ्या मेजरला एकूण क्रेडिटच्या किमान ४० टक्के, म्हणजे १२० पैकी ४८ लागतात. ६० आणि ४८ मिळून १०८ झाले. उरलेल्या १२ मध्ये भाषा, कौशल्य, इतर शाखा आणि इंटर्नशिप हे सगळे मावत नाही. म्हणजे जादा क्रेडिट घ्यावे लागणार. कॉलेज ते कोणत्या सत्रात बसवते याचे लेखी उत्तर मिळाले तरच होकार द्या. साखळी किंवा वाळपईहून रोज ये-जा करणाऱ्या मुलासाठी भक्कम मायनर हाच शहाणा पर्याय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पायरी ३ : चौथ्या वर्षाचा विचार पहिल्याच वर्षी करा

संशोधनासह ऑनर्स हवे असेल तर पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के लागतात. चौथ्या वर्षी १२ क्रेडिटचा प्रकल्प असतो. संशोधन न घेता साधे ऑनर्सही करता येते, त्यात प्रकल्पाऐवजी तेवढ्याच क्रेडिटचे पेपर असतात. पहिल्या दोन सत्रांत निवांत राहिलेली मुले पाचव्या सत्रात जागी होतात, आणि तोवर सरासरी ओढून वर आणणे कठीण झालेले असते. आपल्या विभागात पीएचडीचे मार्गदर्शक आहेत का हे प्रवेशाच्या वेळीच विचारा, कारण ते नसतील तर हा पर्याय कागदावरच राहतो. इतिहास किंवा समाजशास्त्र घेणाऱ्यांसाठी पर्वरीचे झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च आणि पाट्टोवरचे कृष्णदास शामा ग्रंथालय जवळच आहे, हे गोव्याचे भाग्य.

मध्येच शिक्षण सोडावे लागले तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर डिप्लोमा मिळतो. मात्र त्यासाठी उन्हाळ्यात ४ क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. तो न करता गेलेल्याच्या हाती फक्त गुणपत्रिका राहतात. तीन वर्षांच्या आत परत येता येते, पदवी मात्र एकूण सात वर्षांत पुरी व्हायला हवी.

पायरी ४ : बाहेरचे क्रेडिट आधी मंजूर करून घ्या

स्वयम् या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरचा १२ आठवड्यांचा कोर्स साधारण ३ क्रेडिटचा धरतात, ८ आठवड्यांचा २ चा. नियमाप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट असे आणता येतात. पण आधी कोर्स करून मग प्रमाणपत्र घेऊन ऑफिसात गेलात तर ते नाकारले जाऊ शकते. विभागप्रमुखांकडून कोर्सचे नाव, क्रेडिट आणि कोणत्या विषयाऐवजी तो धरणार हे लिहून घ्या, मगच नोंदणी करा.

मिळवलेले क्रेडिट जिथे जमा होतात त्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते डिजिलॉकरवरून उघडते. आधारवर ‘वडिलांचे नाव मध्ये’ आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, असा फरक असेल तर क्रेडिट खात्यात चढताना अडकतात. दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा, आणि दुरुस्ती प्रवेशाआधीच करून घ्या.

वेगळ्या वाटा

नुव्याचे कार्मेल फक्त मुलींसाठी आहे. केपे तालुक्यात सुळकर्ण्याला डॉन बॉस्कोचे कृषी महाविद्यालय आहे. तिथली पदवी चार वर्षांची असते आणि वरचा हिशेब तिला जसाच्या तसा लागू होत नाही. शिक्षक व्हायचे असेल तर पणजीच्या निर्मला इन्स्टिट्यूटची चौकशी पदवी चालू असतानाच करा, कारण बीएडला कोणता मेजर चालतो यावर शाळेत कोणता विषय शिकवायला मिळेल ते ठरते. एप्रिल २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी घेता येतात. कॉलेजची नियमित आणि दुसरी इग्नूसारख्या दूरशिक्षणाची, ही जोडी त्यातल्या त्यात झेपते. परीक्षांच्या तारखा एकमेकींवर येतात का, तेवढे मागच्या वर्षीच्या वेळापत्रकावरून आधी तपासा.