शुगर आहे आणि ऑफिस पुन्हा सुरू झालंय? या चुका टाळा

घरून काम होतं तोवर माझी शुगर आटोक्यात होती. ऑफिस सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला. मला वाटलं गर्दीचा त्रास. बाकावर बसून मीटर लावला, तर शुगर ५८! शेजारच्या मावशींनी पर्समधून लिमलेटच्या गोळ्या काढून हातावर ठेवल्या.

चूक साधी होती. सकाळी ७ला घरी शुगरची गोळी, ग्लिमेपिराइड, घेतली आणि नाश्ता ऐरोलीला कॅन्टीनमध्ये करू म्हणून निघाले. घरी गोळीनंतर पाच मिनिटांत पोहे समोर यायचे. आता मध्ये रिक्षाची रांग, पूल, जिने, उभ्याने प्रवास. तास कसा जातो कळत नाही. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात काही असो वा नसो. म्हणून ती नाश्त्याच्या अगदी आधी किंवा नाश्त्यासोबतच घ्यायची. घरी खाणं जमत नसेल तर गोळी डब्यात ठेवून ऑफिसात घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. मनाने डोस कमी करू नका. नुसती मेटफॉर्मिन ही शुगरची दुसरी गोळी असेल तर हा धोका फार कमी. इन्सुलिनवाल्यांनी मात्र जास्त जपायला हवं.

शुगर ७० च्या खाली गेली की बरेच जण चॉकलेट खातात. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. त्यापेक्षा तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमीच असेल तर तेवढंच परत घ्या. सावरलात की पोळीभाजी खाऊन घ्या. ग्लुकोज बॅगेत नको, खिशात हवं. लोकलमध्ये बॅग वर रॅकवर जाते आणि गर्दीत हात तिथवर पोहोचत नाही.

इन्सुलिनचं पेन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, बर्फाला थेट चिकटवूनही नको. गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नाही.

आम्हा बायकांची आणखी एक सवय: प्रवासात बाथरूमची पंचाईत नको म्हणून पाणीच तोडायचं. मधुमेहात लघवीचा संसर्ग आधीच लवकर होतो, त्यात ही भर कशाला? निघताना बाथरूमला जाऊन या आणि पोहोचल्यावर बाटली संपवा.

आणि ऑफिसात लपवू नका. मीटिंग लांबली की जेवण लांबतं, आणि कारण कुणाला माहीत नसलं तर मध्येच उठायचा संकोच वाटतो. मी शेजारच्या टेबलावरच्या ताईंना सगळं सांगून ठेवलंय. मी बोलती असेन तर साखरेचं पाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ लावा. साखरेची डबीही दाखवलीय: वरचा खण, डावीकडे, स्टेपलरच्या मागे.